निम्म्या ताकदीचा ड्राइव्ह

यंत्रं बोलायची आणि माणसं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. सुलोचनाबाईंच्या मिरची कांडपात मोटर थ्री फेजची, पण वीज सिंगल फेज. म्हणून मधे ड्राइव्ह बसवला, म्हणजे एका फेजचे तीन करून मोटरला देणारा डबा.

मोटर म्हणाली, "भाऊ, तीन वाटांचं ओझं तुझ्या एकाच वाटेनं येतंय. तुझ्या ताकदीच्या निम्मंच काम घे."

"निम्मं? मग चारचौघांत तोंड कसं दाखवू?" ड्राइव्ह फुगला आणि पूर्ण भार घेऊन बसला. लग्नसराईची मिरची अर्धी कुटून झाली, तोच त्याच्यातून धूर निघाला.

नवा ड्राइव्ह दुप्पट मोठा आणला. तो आल्याआल्याच म्हणाला, "बाई, इथं मला निम्मंच जमेल."

आता मिरची रोज कुटली जाते. गाव मात्र जळालेल्याची जिद्द अजून वाखाणतं आणि नव्याला आळशी म्हणतं.