मीटरचा हट्ट

सन २०२२, अक्षय्य तृतीयेची सकाळ. छतावर आठ सोलर पॅनेल तापले होते. खाली भिंतीवर नव्या इन्व्हर्टरला हळदकुंकू लागलं होतं.

"सोडा आम्हाला!" पॅनेल ओरडले.

"या, या! मुहूर्त टळतोय!" इन्व्हर्टर म्हणाला.

मधला स्विच चालू होणार, तोच हत्यारांच्या पिशवीतून आलेला, व्होल्ट मोजणारा जुना मीटर गरजला, "थांबा! आज दिवसभर मुहूर्तच आहे. आधी मी मोजणार."

"म्हातारबा, काल शिडीवरून पडलास. माझ्या खोक्यावर आपटलास म्हणून वाचलास. आणि मलाच अडवतोस?" इन्व्हर्टर चिडला.

"ते उपकार आहेत, म्हणूनच अडवतो."

मीटरने पॅनेलांकडून आलेल्या दोन्ही वायरींना आपली टोकं टेकवली. आकडा उमटला. उणे तीनशे वीस व्होल्ट!

म्हणजे वायरी उलट्या! घाईत लाल वायरीला काळ्या वायरीचा प्लग बसला होता. स्विच चालू झाला असता, तर इन्व्हर्टर जळाला असता.

पॅनेलांनी वरचा जोड सोडला. मग प्लग बदलले, जोड पुन्हा लावला. मीटरने पुन्हा मोजलं. तीनशे वीस, आता उणे नाही.

"लाव," तो स्विचला म्हणाला.

खटका पडला. हिरवा दिवा लागला, घरातले पंखे गरगरले, छतावर एकच जल्लोष झाला.

"फिटले तुझे उपकार," मीटर इन्व्हर्टरला म्हणाला आणि पिशवीत जाऊन बसला.