आडनावाचं पहिलं अक्षर

"भन्तेजी, ह्यात काय कमी आहे तेवढंच सांगा."

श्रुतिकानं मोबाइल पुढं धरला. तिच्या आवाजात विचारणं कमी आणि दाखवणं जास्त होतं.

ती पवनीच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातल्या सगळ्यांना लिंक्डइनवर स्वतःचं पान तयार करायला सांगितलं होतं. नोकरी देणारे म्हणे आधी तिथंच बघतात. श्रुतिकानं दोन दिवस खपून पान केलं, आणि वर्गात सगळ्यांत आधी केलं.

भन्ते सुमनतिस्स विहाराच्या ओट्यावर बसून एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. चीवर घेण्याआधी ते अठरा वर्षं रोजगार कार्यालयात कारकून होते. त्यांनी बोटं पुसली, चष्मा चढवला आणि सावकाश वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं.

"अभिमान कमी आहे."

श्रुतिका हसली. "आई तर म्हणते, ह्या पोरीत तेवढाच जास्त आहे."

"आईनं हे वाचलं नाही."

...

"मराठीत सांग. काय काय लिहिलं?"

श्रुतिका ताठ बसली. "ध्येयवेडी. नवनवीन कल्पनांचा ध्यास. जन्मजात नेतृत्वगुण. युवा तंत्रज्ञान मंचाची संस्थापक."

"मंचात किती जण?"

"चार."

"सभा किती झाल्या?"

"एक... नाश्त्याची."

"फोटोतला कोट?"

"मैत्रिणीचा. सगळेच घालतात, भन्तेजी."

भन्तेंनी मान हलवली. मग नावावर बोट ठेवलं. श्रुतिका, आणि पुढं इंग्रजीतलं एकच अक्षर. त्यानंतर टिंब.

"जी म्हणजे?"

...

"गजभिये."

"मग एका अक्षरावर काऊन थांबली?"

श्रुतिकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं मोबाइल मागं घेतला.

"तुम्हाला माहीत आहे, भन्तेजी. आडनाव वाचलं की काही माणसं पान पुढं सरकवतात. आमच्या कॉलेजच्या एका ताईसोबत झालं आहे. आधी त्यांना माझं काम बघू द्या. नाव मग सांगीन."

"बरोबर आहे," भन्ते म्हणाले.

श्रुतिका चमकली. भन्ते वाद घालतील, अशी तिची खात्री होती.

"आता काम दाखव."

"कोणतं?"

"तूच म्हणाली, आधी काम बघू द्या. मी दोनदा वाचलं. मला दिसलं नाही."

...

"रोजगार कार्यालयात हजारो अर्ज माझ्या हातून गेले," भन्ते म्हणाले. "सगळे मेहनती. सगळे होतकरू. एकही चेहरा आठवत नाही. अड्याळकडच्या एका पोरानं लिहिलं होतं, 'मला विहिरीत मोटर उतरवता येते, आणि बिघडली तर वर न काढता सांगता येते काय झालं ते.' त्याचं नाव मला अजून पाठ आहे."

"पण त्याच्याकडं मोटर होती. मी काय लिहू?"

भन्ते उठले. "चल."

विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका होती. त्या वेळी वीस-बावीस पोरं-पोरी बसली होती. कुणाची पोलीस भरती, कुणाची तलाठ्याची परीक्षा. भन्ते आत आले तशा माना वर झाल्या.

"एक माणूस ओळखा," भन्ते म्हणाले. "ध्येयवेडा आहे. जन्मजात नेता आहे. नवनवीन कल्पनांचा त्याला ध्यास आहे."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "निवडणुकीला कोणी उभं आहे का, भन्तेजी?"

खोलीभर हशा झाला. दारात उभ्या असलेल्या श्रुतिकाचे कान तापले.

भन्ते हसले नाहीत. "बरं, दुसरा माणूस. तीन वर्षांत ह्या अभ्यासिकेचं एकही पुस्तक ज्यानं हरवू दिलं नाही."

बावीस माना वळल्या, आणि सगळ्यांनी दाराकडं पाहिलं.

...

बाहेर येऊन श्रुतिका भन्तेंशेजारी ओट्यावर बसली.

तीन वर्षांपूर्वी अभ्यासिकेतलं प्रत्येक तिसरं पुस्तक नेलं की परत येत नसे. भन्ते कुणाला दंड लावायला तयार नव्हते. तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पुस्तक नेणाऱ्याला आठ दिवसांनी मोबाइलवर निरोप जायचा. त्यात तंबी नसायची. एवढंच असायचं: 'हे पुस्तक सिंदपुरीच्या कोमलला हवं आहे. तिची परीक्षा अठरा तारखेला आहे.'

पुस्तकं यायला लागली. काही पोरं तर सायकल काढून थेट कोमलच्या घरी नेऊन द्यायची.

"ते काही काम आहे का, भन्तेजी?" ती म्हणाली. "ते तर घरचं झालं."

"ते कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"किती वेळा बिघडलं?"

"सुरुवातीला रोजच. एकदा सत्तर जणांना एकाच पुस्तकाचा निरोप गेला. रात्रभर रडली मी. मग दुरुस्त केलं."

बोलता बोलता तिचा आवाज बदलला होता. मघाशी पान वाचताना तो पाठ केल्यासारखा होता. आता ती हात हलवून सांगत होती. एकाच नावाचे दोन वाचक कसे ओळखायचे, नेट गेलं तर निरोप कसे साठवायचे... भन्ते खळ लावत ऐकत होते.

"पण हे लिहायचं तर विहार लिहावं लागेल," ती मध्येच थांबली. "विहार लिहिलं की अक्षर झाकून काय उपयोग?"

"काहीच नाही."

"मग काय करू?"

"ते मी कसं सांगू? पान तुझं आहे."

...

श्रुतिकानं मोबाइल काढला. ध्येयवेडी गेली. जन्मजात नेतृत्व गेलं. नाश्त्याचा मंच गेला. त्या जागी तिनं अभ्यासिका लिहिली, गाव लिहिलं, किती वाचक आणि किती पुस्तकं ते लिहिलं. दंडाऐवजी पुढच्या वाचकाचं नाव का पाठवलं तेही लिहिलं. सत्तर जणांना गेलेला चुकीचा निरोपसुद्धा लिहिला. कोटाचा फोटो काढून टाकला आणि संगणकाजवळ बसून अभ्यासिकेतल्या एका मुलाकडून नवा काढून घेतला.

शेवटी ती नावावर आली. तिथं तिचा अंगठा बराच वेळ थांबला.

मग तिनं टिंब खोडलं आणि इंग्रजीतली उरलेली सात अक्षरं लिहिली. लिहिताना तिनं दातांखाली ओठ धरला होता. लिहून झाल्यावर मात्र तिनं मोबाइल हातभर लांब धरून ते नाव पाहिलं. आपलंच नाव एवढं लांबलचक आणि भारदस्त आहे, हे तिला पहिल्यांदा दिसत होतं.

तिनं ते भन्तेंना दाखवलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

पुढचा दीड महिना काही झालं नाही. मग नागपूरच्या एका कंपनीतून निरोप आला, तुमचं काम आवडलं, सोमवारी फोन करतो. सोमवार गेला. तिनं दोनदा विचारलं. उत्तर नाही. घरी आई म्हणाली, तू ते अक्षरच ठेवायला पाहिजे होतं. श्रुतिकानं मात्र अक्षर परत आणलं नाही.

आणखी तीन आठवड्यांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांची संस्था खेड्यातल्या दवाखान्यांसाठी संगणकाची कामं करत होती. बाळाच्या लशीची तारीख घरच्यांना कशी कळवायची, ह्यावर त्यांचं काम अडलं होतं. पाऊण तास त्या फक्त श्रुतिकाच्या निरोपांबद्दल विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "गजभिये, जूनमध्ये येशील का? सहा महिने शिकाऊ म्हणून. काम चांगलं झालं तर पुढंही."

श्रुतिका धावत विहारात आली. चपला एक इकडं, एक तिकडं पडल्या. तिनं भन्तेंना तीनदा वंदन केलं आणि सगळं एका दमात सांगितलं. अभ्यासिकेतली पोरं दाराशी जमली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि भन्तेंनी कुणाला थांबवलं नाही.

गलका ओसरल्यावर ती आणि भन्ते दोघंच ओट्यावर राहिले. एक गोष्ट अजून तिच्या मनात रुतून होती.

"भन्तेजी... नागपूरवाल्यांनी आधी काम आवडलं म्हटलं होतं. मग गप्प झाले. आडनावामुळं झालं असेल का?"

भन्तेंनी चष्मा काढून पुसला.

"असेल. नसेलही."

"मला कधीच कळणार नाही?"

...

"त्यांनी तुझं पान वाचलं, बाई. ते गप्प बसले, त्यात तूही त्यांचं वाचलंस."