रिकाम्या कॅमेऱ्याचे सहा दिवस

मूकपटांच्या काळी एकदा एक वृद्ध छायाकार हत्ती आणि माहुतांचा खराखुरा चित्रपट घ्यायला शिष्यासह जंगलातल्या लाकडाच्या वखारीवर आला. फिल्मचा एकच डबा उरला होता आणि आठव्या दिवशी शेवंती हत्तीण दुसऱ्या वखारीला, नव्या माहुताकडे जायची होती. तिचे माहूत इमामचाचा तीस वर्षांनी तिच्यापासून दुरावणार होते. त्या दोघांचं काही मागे राहायचं असेल, तर ते या एका डब्यात.

गुरूंनी कॅमेऱ्याचं हँडल प्रथमच शिष्याच्या हाती दिलं. "सेकंदाला दोन फेरे. कमी नाही, जास्त नाही." शिष्य जिद्दीला पेटला. रोज सकाळी नदीवर शेवंतीची आंघोळ चाले आणि याचं हँडल फिरे. पण चाचा नवा फेटा बांधून, छाती काढून, फोटो काढायला उभं राहावं तसे उभे! हत्तीण बिचारी त्यांच्याकडे बघतच राही. फिल्म वाया चालली म्हणून शिष्याचा जीव तुटत होता.

सहाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. आंघोळ आटोपल्यावर, किती फिल्म उरली ते चाचपायला, अंधाऱ्या खोलीत त्याने कॅमेरा उघडला. आत फिल्मच नव्हती.

"गुरुजी, सहा दिवस मला वेड्यात काढलंत?" त्याने गुरूंना गाठून जाब विचारला. "आता उद्याचा एकच दिवस हातात आहे."

"रागाव, तुझा हक्कच आहे," गुरू म्हणाले. "अरे, या खडखडाटाला शेवंती दुसऱ्याच दिवशी सरावली. चाचांना पाच दिवस लागले. आज त्यांनी जुनंच मुंडासं गुंडाळलं होतं, पाहिलंस? नाही पाहिलंस. तुझं सारं चित्त डब्यात. कचरलेला हात मंदावतो, आणि हात मंदावला की फिल्मवर चित्रं कमी उमटतात, मग पडद्यावर हत्तीसुद्धा सशासारखा पळतो. सरावायचा राहिला आहेस तो तूच."

सातव्या सकाळी गुरूंनी बंद कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला. आत फिल्म आहे की नाही, ते सांगितलं नाही. शिष्य विचारणार, तेवढ्यात चाचा कॅमेऱ्याकडे पाठ करून शेवंतीची मान घासू लागले. घासता घासता तिला दटावत होते, नव्या माहुताशी नीट वाग म्हणून. तिने सोंड अलगद त्यांच्या खांद्यावर टाकली. चाचांचा हात थांबला.

शिष्याचा थांबला नाही. सेकंदाला दोन फेरे. डोळे भरून आले होते, तरी दोनच.

काही मिनिटांनी हँडल एकाएकी हलकं झालं, गेले सहा दिवस रिकामं फिरे तसं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आज डबा भरलेला होता.