तळाईची धुतलेली साडी

रंगपांढरीच्या तळ्यावर उतरलात की डाव्या हाताला एक काळा सपाट दगड दिसेल. त्यावर बसू नका. बसलात तर गुरव रागावतो, आणि शहरातले असाल तर जरा जास्तच रागावतो. मुलखात सगळीकडे देवीला कोरी साडी नेसवतात. आमची तळाई तेवढी धुऊन, बडवून काढलेली साडी नेसते, आणि ती बडवायची ती याच दगडावर. पाहुणे नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

फार पूर्वी इथे अवचित नावाचा रंगारी होता असे सांगतात. कापडावर ठसे मारण्यात त्याचा हात असा, की त्याच्या पासोडीवरच्या मोराला कोंबड्या बुजायच्या म्हणे. बाजाराचं कापड तो आधी तळ्यात भिजवी, विणकराने सुताला लावलेली खळ बडवून काढी, हिरड्याच्या पाण्यातून पिळी आणि मगच ठसा उचली. ते कापड झिजून फाटे, पण रंग हलत नसे.

देवीची साडी मात्र कोरी. मागावरून उतरली तशी, खळीने पापडासारखी ताठ. ठशाआधी तिला पाणी लागलं तर विटाळ, असं गावाने ठरवून टाकलेलं. देवीला कुणी विचारलं नव्हतं. रंग नुसता खळीवर बसे, सुतात शिरतच नसे. मग चैत्राच्या जत्रेत गुरवाने अभिषेकाचा तांब्या ओतला की साडीवरची कमळं विरघळत आणि तळाईच्या पायांवर लाल ओघळ येत. देवी रक्त रडली म्हणून बायका टाहो फोडत. त्या साली कुणाची म्हैस आटली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं अवचितच्या माथी.

शेवटी पाटलांनी निकाल दिला. “अवचित्या, यंदा ओघळ आला तर ठसे बांधायचे आणि गाव सोडायचं.”

अवचितची झोप उडाली. कोऱ्या चिंधीवर त्याने रंगात डिंक वाढवून पाहिला, ठशावर मुठी आपटून पाहिल्या. कमळांची थालीपिठं झाली.

“अहो, धुऊन घ्या की,” बायको ठकूबाई म्हणाली. “बाजाराला चालतं ते आईला का नको?”

“गप गं. कोरी म्हणजे कोरी.”

“मग बोचकी बांधायला घेते. ती तरी धुतलेली चालतील ना?”

अवचित वाया गेलेल्या चिंध्या गोळा करत राहिला. बापाने, आज्याने याच तळ्यावर कापड वाळवलेलं. दुसरीकडचं पाणी कसं असेल, रंगाला मानवेल की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

ठशाआधी कोरी साडी देवळात ओवाळून रंगाऱ्याच्या घरी आणायची ती उलगडून, नवराबायकोने दोन टोकं धरून, तळ्याच्या बांधावरून. मागे पाटील, गुरव, सगळं गाव. या दगडापाशी आले आणि ठकूबाईचं टोक सुटलं. साडी सरळ तळ्यात.

“अगं, धर, धर!” अवचित ओरडला.

ठकूबाई रिकामे हात बघत उभी. “मी नाही हो सोडली. पाण्यातनं कुणीतरी हिसकली.” मग पाटलांकडे वळून म्हणाली, “आईलाच साडी बुडवून हवी असेल, तर मी कशी धरू, पाटील?”

पाटलांनी गुरवाकडे पाहिलं, गुरवाने आभाळाकडे. देवी असं करणार नाही, हे म्हणायची छाती कुणाची? देवळाच्या आळीत सांगतात, साडी तळाईनेच ओढली. रंगाऱ्यांच्या आळीत सांगतात, ठकूबाईने सोडली. अवचितने बायकोला जन्मभर विचारलं नाही. शहाणा माणूस.

एवीतेवी भिजलीच होती. दोघांनी ती याच दगडावर बडवली, पार खळ निघेपर्यंत. हिरड्यातून पिळली, वाळवली, आणि अवचितने ठसा टेकवला. पाकळीची कड केसासारखी बारीक उठली. पण धाकधूक होतीच. घरचं कापड निराळं, देवीच्या अंगावरचं निराळं.

जत्रेला गुरवाने तांब्या ओतला. पाणी कमळांवरून उतरलं, पायाशी आलं. स्वच्छ. गुरवाचा विश्वास बसेना, त्याने दुसरा ओतला. तोही तसाच. पाटील मट्कन खाली बसले आणि म्हणाले, “अवचितराव, जेवायला घरी या.” अवचितला हसू आणि रडू एकदमच आलं. ठकूबाई तेवढी पदराआड तोंड लपवून उभी होती. रडत होती म्हणतात, बघितलं कुणी?

आजही रंगाऱ्यांच्या आळीतलं एक जोडपं साडी घेऊन बांधावरून येतं. दगडापाशी बायको टोक सोडते आणि नवऱ्याने “धर, धर!” ओरडावंच लागतं, कमी ओरडला तर लोक पुन्हा ओरडायला लावतात. आणि आजही अभिषेकाचं पाणी देवीच्या पायाशी पांढऱ्या वाडग्यात धरतात. ते निर्मळ दिसलं की अख्खं गाव एकदम असा सुस्कारा सोडतं, की समईच्या वाती विझतात आणि गुरव आम्हाला शिव्या देत त्या पुन्हा लावतो.