आमच्याकडे असं होत नाही

"बाई, एक माणूस कमी केला तर काम वेळेत होतं का?"

दाबकेबाई पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणता माणूस?"

"नाही म्हणणारा."

बाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी उचलली…

यशोधन काळसेकर त्या सकाळी पुण्याहून भोरला आला होता तो सल्ला घ्यायला. निदान फोनवर तरी तो तसं म्हणाला होता. खरं सांगायचं तर निर्णय त्याचा झालेलाच होता. त्याला हवी होती बाईंची मान हललेली. सल्ला मागणारी निम्मी माणसं अशीच असतात.

त्याच्या हाताखाली आता साठ माणसं होती. केस पिकले होते, आणि बोलता बोलता घड्याळ बघायची सवय लागली होती. त्याला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं ते या बाईंनी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नारायण पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.

त्यानं सगळं सांगितलं. काम एका दूध संघाचं. गावोगावी मिळून एकशेचाळीस संकलन केंद्रं. केंद्रावर दूध मोजलं, की त्याची नोंद तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर चढवायची आणि ती लगेच संघाच्या मुख्य कचेरीत दिसायची. कामाला आधीच तीन महिने उशीर झाला होता. येत्या सोमवारी अध्यक्ष नारळ फोडणार होते. आज शुक्रवार, आणि संध्याकाळपर्यंत यशोधननं 'सगळं तयार आहे' असं पत्र धाडायचं होतं.

पण चुकांच्या यादीत एक तक्रार अजून उघडी होती.

ती तस्नीम मुजावरची. तस्नीमचं कामच चुका शोधण्याचं. तिचं म्हणणं एवढंच, की केंद्रावर नेट गेलं आणि परत आलं, तर एकच दूध दोनदा चढतं.

"चढतं का?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे असं होत नाही."

बाईंच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला हे वाक्य आरतीसारखं पाठ असतं. तक्रार येते, प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या मशीनवर करून बघतो, त्याच्याकडे काही बिघडत नाही, मग हे चार शब्द लिहून तक्रार बंद. यशोधनच्या ऑफिसात नेटच्या दोन लाइनी होत्या, वीज गेली तर बॅटरी होती. तिथे नेट जायचंच नाही.

तस्नीम मात्र बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायची. गेल्या बुधवारी तर तिनं भर मीटिंगमध्ये सांगितलं, की मी यावर सही करणार नाही. तिची सही नाही, तर यशोधनचं पत्र नाही. म्हणून त्यानं आणखी एक पत्र लिहून ठेवलं होतं. तस्नीमला आजपासून या कामावरून काढून दुसरीकडे द्यावं, असं.

"पोरगी हुशार आहे, बाई. पण दुधात मिठाचा खडा टाकते."

"बाकीचे काय म्हणतात?"

"बाकीच्यांची काही तक्रार नाही."

"म्हणजे मूग गिळून बसलेत."

यशोधन हसला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यानंही हसू आवरलं…

मग त्यानं हौसेनं लॅपटॉप उघडला आणि बाईंच्या घरच्या नेटला जोडला. पडद्यावर कामांची लांबच लांब यादी होती, सगळी हिरवी, आणि मध्ये एकच लाल ओळ. त्या हिरव्या ओळी त्यानं बाईंना अशा दाखवल्या, जशी माणसं मुलांची गुणपत्रिका दाखवतात. बाईंना त्यांत फारसा रस दिसला नाही. दूध कसं चढवतात ते दाखव, म्हणाल्या.

"नाव काय घालू?"

"तुझंच घाल."

त्यानं स्वतःचं नाव घातलं. पुढे सात लिटर.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कॅलेंडरखाली भिंतीला नेटचा डबा लावलेला होता, तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"दाब आता."

त्यानं बटण दाबलं.

बाईंनी प्लग उपसला.

पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं… बाई प्लग हातात धरून शांत उभ्या होत्या.

बाईंनी प्लग परत लावला. डब्यावरचे दिवे एकेक करून लागले. चक्र थांबलं.

यशोधन काळसेकर, सात लिटर.

यशोधन काळसेकर, सात लिटर.

…

बाई येऊन पुन्हा पावट्यांपाशी बसल्या.

यशोधननं पडदा पुन्हा पुन्हा वाचला. एवढ्या वर्षांनी या बाईंसमोर आपण परत बावीस वर्षांचे झालो आहोत, असं त्याला वाटलं. त्यानं हळूच लॅपटॉप मिटला.

"सोमवारचं काय करू?"

"नारळ त्यापुढच्या सोमवारीही फुटतो."

आता खरं तर त्यानं उठायला हवं होतं. पण लाज वाटली की माणूस जुन्या आठवणींत शिरतो, कारण तिथे त्याला कोणी रागावत नाही. यशोधनही शिरला.

नारायण पेठेतल्या त्या खोल्या. चपला जिन्यात काढायच्या, कारण धुळीनं मशीन बिघडेल. टेबलफॅन एकच, आणि त्याचं तोंड माणसांकडे नाही, कॉम्प्युटरकडे. खालच्या दुकानातला शाईचा वास दिवसभर वर यायचा. मशीन दोन आणि माणसं पाच, म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, बाईंना वाचून दाखवायचा आणि मगच खुर्ची मिळायची. तेव्हा हे सगळं जाचाचं वाटायचं. आज त्याला त्याचंच कौतुक वाटलं.

आणि तो दिवस. एका शिक्षण संस्थेच्या चाळीस शाळांचा निकाल, सगळा फ्लॉप्यांवर घेतलेला. खोका सुतळीनं बांधून झाला होता, दारात रिक्षा उभी होती, बाईंची पर्स खांद्यावर होती. यशोधनला बाईंकडे नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. त्याच्या लक्षात आलं, की जे मूल परीक्षेला गैरहजर होतं ते आपल्या निकालात नापास दिसतंय. तो म्हणाला, "बाई, हे आज जाऊ नये."



बाईंनी पर्स परत खुंटीला अडकवली. रिक्षा सोडून दिली. म्हणाल्या, बसा सगळे, हा काय म्हणतो ते ऐकू या. निकाल चार दिवस उशिरा गेला. संस्थेच्या चिटणिसांनी फोनवर बाईंना वाट्टेल ते सुनावलं, आणि बाईंनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. यशोधनचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"मी ते जन्मात विसरणार नाही, बाई." यशोधन म्हणाला. "तेव्हाची गोष्टच वेगळी होती. तोंडावर खरं सांगणारी माणसं होती तेव्हा. आता तशी कुठे राहिली?"

बाईंनी पातेलं बाजूला सारलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तस्नीमनं ती तक्रार किती वेळा उघडली?"

त्याला लॅपटॉप उघडून बघायची गरज पडली नाही.

"अकरा."

"बंद कोणी केली?"

"पहिल्या दोन वेळा पोरांनी."

"आणि नंतर?"

"…मी."

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली. तिचा आवाज पार पुलापर्यंत ऐकू येत राहिला…

"यशोधन अकरा वेळा येऊन गेला," दाबकेबाई म्हणाल्या. "बाई जागेवर नव्हत्या."