शिवेवरचे दगड

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता आणि त्याला विड्याचं भारी वेड होतं. तोंडात विडा असेतो पाहुण्याला भेटायचं नाही, अशी दरबाराची रीत. एकदा धूम्रनाथ जादूगार महाद्वारी आला. राजाचा एक विडा संपे, दुसरा सुरू होई. तीन दिवस जादूगार उन्हात उभा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "राजा, तू मला तिष्ठत ठेवलंस. यापुढे तुझ्या राज्यात कुणालाच कुणासाठी तिष्ठता येणार नाही. आणि ज्याच्यासाठी घरी कुणी खोळंबलेलं नसेल, तो वाटसरू शिवेवर दगड होईल."

झालं! तिष्ठणं, खोळंबणं हे शब्द लोकांच्या जिभेवरून उडाले आणि शब्दांमागोमाग ती सवयही. विरजण लावलं की घटकाभरात लोक दूधच पिऊन टाकीत. आंबे कैरीपणीच संपत. तेही एक वेळ चाललं असतं. पण राजपुत्र जयध्वज घोडे आणायला सात नद्यांपार गेला होता. परतताना त्यानं शिवेवर पाऊल टाकलं आणि तो दगड झाला. धाकट्या बहिणीला, पद्मरेखेला, ते कळलं तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. शाप लागल्यापासून तिला दादाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

राजवाड्याच्या बागेत दर्यापारची एक मैना राही. ती म्हणाली, "राजकन्ये, तुम्ही जे विसरलात त्याला आमच्या इंग्रजी मुलखात 'वेट' म्हणतात."

पद्मरेखेनं तो शब्द तीनदा उच्चारला. काहीच झालं नाही.

"नुसता उसना शब्द काय कामाचा?" मैना म्हणाली. "तो कशातून जन्मला ते ऐक. फार पूर्वी त्याचा अर्थ होता, डोळ्यांत तेल घालून पहारा देणं. बुरुजावरच्या राखणदाराचं काम ते. तू ते काम कर. तीन दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. नजर हलली, तर दादा कायमचा दगड."

पद्मरेखा शिवेच्या बुरुजावर चढली. शापामुळे पाय पळू पळू करीत, म्हणून तिनं आपली वेणी खांबाला बांधली आणि दादाचा दगड उभा होता त्या वाटेवर नजर लावली.

पहिल्या दिवशी पाठीमागची धरणी उघडली आणि शापित खजिन्याचा लखलखाट तिच्या खांद्यांवरून पुढे सांडला. तिनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पित्याचा आवाज आला, "पोरी, मी चाललो. एकदा मागे बघ." आवाज धूम्रनाथाचा होता, पण तिला ते कुठून ठाऊक असणार? ती ढसाढसा रडली, तरी नजर काढली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र काहीच घडलं नाही. ऊन चढलं, उतरलं. एक सरडा वाट ओलांडून गेला. हाच दिवस सगळ्यांत अवघड गेला, बरं का! दादा यायचाच नसला तर, हा विचार तिला कुरतडत राहिला.

सूर्य टेकला आणि दगडानं डोळे उघडले.

"पद्मे, इथे काय करतेस?" जयध्वजानं विचारलं.

तिच्यापाशी शब्द नव्हता. जे केलं तेच तिनं सांगितलं. "दादा, तुझी वाट पाहत होते."

ते बोल वाऱ्यानं घरोघर नेले. आया, बायका, म्हातारे बाप उंबऱ्यावर आले आणि ज्याची त्याची वाट पाहू लागले. शिवेवरचे दगड एकेक करून उठले, अंग झटकून घरी निघाले. एक तेवढा राहिला. तो एका बोहारणीचा होता आणि तिला मागेपुढे कुणी नव्हतं.

"चल, घरी सगळे वाट पाहताहेत," जयध्वज म्हणाला.

"तू हो पुढे, दादा," पद्मरेखा म्हणाली. "हिच्यासाठी कुणीच बसलेलं नाही."

आणि ती पुन्हा बुरुज चढली. आणखी तीन दिवस गेले. मग बोहारीण डोक्यावर भांडी घेऊन शिवेच्या आत आली, राज्यावरचा शाप फिटला आणि विरजलेल्या दुधाचं पुन्हा दही लागू लागलं.