नकोचा शिंपला

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा पाखरं माणसांसारखी बोलायची आणि माणसं पाखरांचं खरं मानायची, एवढं सांगितलं तरी पुरे. पुढे बसलेल्या पोरांनो, नीट ऐका. मागे बसलेल्या थोरांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण या गोष्टीतलं वाटोळं पोरांनी केलेलं नाही.

समुद्रात एक बेट होतं. बेटाची जमीन भरतीच्या पाण्याहून सखल होती, म्हणून चहूकडून माती-दगडाचा बांध घातलेला होता. बांध आहे तोवर आत भात पिकायचं, तळ्याचं पाणी गोड राहायचं. बेटाला राजा होता, पण तो टेकडीवर राहायचा आणि सणावारी सज्जात येऊन हात हलवायचा. बाकी सगळं कारभाऱ्याच्या हाती. आणि कारभाऱ्याचं काम एकच, बांध सांभाळायचा.

कारभारी निवडायची तिथली रीत मोठी विचित्र होती. कोण्या एका काळी लोकांनी एकाला डोक्यावर घेऊन नाचवलं होतं आणि मग तो खाली उतरायलाच तयार नव्हता. तेव्हापासून ठरलं, की आपल्याला कोण हवा हे कोणी सांगायचंच नाही. कोण नको, तेवढंच सांगायचं. निवडीच्या दिवशी राजाच्या चौकात, कारभारी व्हायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या नावाचं मडकं मांडलं जाई. घरटी एक शिंपला मिळे. जो माणूस नको, त्याच्या मडक्यात तो टाकायचा. ज्याच्या मडक्यात सगळ्यांत कमी शिंपले, तो कारभारी.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं. पण जरा विचार करा. जो काम करणार, तो कोणाला ना कोणाला दुखावणारच. आणि जो काहीच करत नाही, काहीच बोलत नाही, त्याला नको तरी का म्हणायचं? तर तसेच लोक निवडून यायला लागले. एकाने बांधाचे दगड नेऊन टेकडीवर स्वतःच्या घराचं जोतं उठवलं. एकाने बांधाला चांदीचा पत्रा मढवतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याच महिन्यात अंग काढून घेतलं. एक तर असा होता, की गळ्यातला हार सुकायच्या आत घरी गेला.

लोक वैतागले. पाणवठ्यावर, खळ्यावर, देवळाच्या पायरीवर एकच बोलणं. "सगळे सारखेच." मी त्यांना दोष देत नाही. इतक्यांदा तोंडाला पानं पुसल्यावर माणसाने वैतागू नये तर काय करावं?

आता त्या बेटावर घरोघरी दाराशी पिंजऱ्यात एक साळुंकी टांगलेली असायची. एकीने ऐकलेलं दुसरी म्हणायची, दुसरीचं तिसरी, आणि दुपारपर्यंत बेटभर बातमी झालेली असायची. लोक शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, कारभाऱ्याच्या तर नाहीच नाही, पण साळुंकीच्या ठेवत. म्हणायचे, "पाखराला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

त्या वर्षी भिवा नावाचा माणूस कारभारी होता. कसा झाला देव जाणे. तोंडाने फटकळ आणि कोणाची मर्जी सांभाळणं ठाऊक नाही, असा गडी. त्याने सगळा बांध पायी फिरून पाहिला आणि चौकात येऊन सांगितलं, "उत्तरेच्या वळणावर बांध आतून पोकळ झालाय. खेकड्यांनी पोखरलाय. वरून गवत हिरवं दिसतं, त्याला भुलू नका. मोठ्या उधाणाआधी घरटी एक माणूस मातीकामाला लागेल. नाही लागला तर बांध जाईल."

लोकांना हे आवडलं नाही. खरं बोलणाऱ्याचं पहिल्यांदा असंच होतं.

आता हौसाकडे येऊ, कारण ही गोष्ट तिची आहे. हौसा चटया विणायची. तिची एकुलती एक लेक तानू त्याच उत्तरेच्या वळणाखाली दिलेली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. हौसाला दुसरं कोणी नव्हतं. तानू आणि ते तान्हं बाळ, एवढाच तिचा संसार.

एकदा हौसा लव्हाळे कापायला वळणावर गेली, तेव्हा भिवा एकटाच कुदळ घेऊन बांध उकरताना तिला दिसला. ती थांबली. त्याने खेकड्यांची बिळं उकरून मोकळी केली, मग टोपलीतली चिकणमाती त्यांत ठासून भरली आणि पायांनी दाबली. हौसाने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पाणवठ्यावर आल्यावर ती बायकांना म्हणाली, "आज भिवादादा वळणावर बांध उकरत होता बघा." पुढचंही सांगणार होती. पण तेवढ्यात तिची घागर भरली, कोणी मागून घाई केली, आणि ती घागर उचलून घरी गेली. अर्धी गोष्ट पाणवठ्यावरच राहिली.

ती अर्धी गोष्ट गुणाजीने उचलली. गुणाजी पुढच्या निवडीला भिवाविरुद्ध उभा राहणार होता. गोड बोलायचा, गोड हसायचा, आणि बांधाबद्दल विचारलं तर हवापाण्यावर बोलायचा. तो रोज पिकलेले पेरू घेऊन दारोदार हिंडायचा, साळुंक्यांना भरवायचा आणि हळूच काहीतरी म्हणायचा. दोन दिवसांत घरोघरच्या साळुंक्या बोलू लागल्या, "भिवा बांध फोडतो. भिवा बांध फोडतो."

हौसाच्या दारची साळुंकीही तेच बोलली. हौसा चपापली. मग शेजारणीच्या दारी ऐकलं, सुताराच्या दारी ऐकलं, तानूच्या दारीही ऐकलं. हौसाला वाटलं, म्हणजे मी एकटीने नाही पाहिलं, आणखी किती जणांनी पाहिलंय. आपलाच शब्द वेष बदलून घरी आलाय हे काही तिला ओळखता आलं नाही. उलट तिला आठवायला लागलं, की भिवाने इकडे तिकडे पाहिलं होतं. तो घाईत होता. माती भरताना त्याने नुसतं नाटक केलं असेल. तानूलाही तिने तसंच सांगितलं.

काय म्हणावं या बाईला? पण हसू नका. तुम्हीही असंच करता.

निवडीच्या आदल्या दिवशी भिवा तिच्या अंगणात आला. पायांवर चिखल वाळलेला. ओटीवर बसलासुद्धा नाही.

"हौसा, त्या दिवशी तू तिथे होतीस. मी माती काढत होतो का भरत होतो?"

"आधी काढत होतास."

"आणि मग?"

हौसाने विणायची चटई पुढे ओढली. "मग भरलीस. पण भिवादादा, सगळं गाव एक बोलतंय. सगळे कसे चुकतील? माझी साळुंकी बोलते. पाखराला खोटं बोलून काय मिळणार?"

"पेरू," भिवा म्हणाला. "हौसा, शिंपला माझ्याच मडक्यात टाक हवं तर. पण तू जे पाहिलंस ते उद्या चौकात सांग. तुझी तानू त्या बांधाखाली राहते."

"तू मला भीती घालतोयस," हौसा म्हणाली. "तुम्ही सगळे असंच करता. आधी भीती घालायची, मग राबवून घ्यायचं."

भिवा आला तसा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकात मडकी मांडली गेली. निम्मे लोक आलेच नाहीत. कशाला यायचं, सगळे सारखेच, म्हणून कोणी शिंपले तळ्यात भिरकावले, कोणी पोरांना खेळायला दिले. जे आले त्यांनी भिवाचं मडकं भरून टाकलं. हौसाचा शिंपलाही त्यातच पडला. टाकताना तिचा हात क्षणभर अडला होता, पण मागे रांग होती. गुणाजीच्या मडक्यात तळापुरतेच शिंपले निघाले. त्याच्याविरुद्ध कोणाला काही ठाऊकच नव्हतं, तर नको कशासाठी म्हणणार?

गुणाजी कारभारी झाला. पहिल्याच दिवशी त्याने मातीकाम बंद केलं आणि गूळ वाटला. लोक खूश झाले. साळुंक्या बोलू लागल्या, "बांध पक्का आहे. बांध पक्का आहे." भिवा कुदळ घेऊन वळणाकडे निघाला, तर पहारेकऱ्यांनी त्याला बांध फोडायला आलास म्हणून हुसकून लावलं. जाताना तो हौसाच्या दारावरून गेला. "लेकीला तिथून हलव," एवढंच म्हणाला.

हौसाला चैन पडेना. ती वळणावर गेली, गवत बाजूला सारलं आणि एका बिळात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तर ओला होता. तिने बोटं जिभेला लावली. पाणी खारट होतं.

ती धावत तानूकडे गेली. बाळ पाळण्यात झोपलेलं, तानू भाकऱ्या थापत होती.

"तानू, बाळाला घे आणि माझ्याकडे चल. बांध झिरपतोय."

तानूने तवा उतरवला. दारची साळुंकी म्हणाली, "बांध पक्का आहे."

"आई, तूच म्हणालीस ना भिवा खोटारडा आहे म्हणून? आता तूच त्याचं बोलणं बोलतेस?"

"मी हात घालून पाहिलाय गं."

"त्या दिवशीही तू पाहिलंच होतंस," तानू म्हणाली. ती रागाने नाही बोलली. थकून बोलली. "रोज नवीन काहीतरी. कोणाचं ऐकून घर सोडू मी? धन्याला काय सांगू?"

हौसा चौकात गेली. मोठ्याने ओरडून सगळं सांगितलं, भिवाने बिळं उकरली ती बुजवायला, मी पाहिलं होतं, अर्धंच बोलले, माझं चुकलं. लोकांनी काम थांबवून ऐकलं. संध्याकाळपर्यंत साळुंक्या बोलत होत्या, "हौसा भिवाचं माणूस. हौसा भिवाचं माणूस." लोक म्हणाले, आम्हाला वाटलंच होतं.

उधाण दुसऱ्या दिवशी भर दुपारी आलं. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. नुसतं पाणी चढत गेलं, आणि उत्तरेच्या वळणावरचा हिरवा बांध ओल्या भाकरीसारखा खचला. हौसा वाटेतच होती, तानूला हाताला धरून ओढून आणायला निघालेली. तिला घर दिसलं, आणि मग तिथे घर दिसेना.

तानू तिसऱ्या दिवशी खाजणाच्या चिखलात सापडली. बाळ सापडलं नाही.

भातं गेली. तळं खारट झालं. राजा सज्जात आला, फार वाईट वाटलं म्हणाला आणि आत गेला. मग त्याने चौकात सभा बोलावली. गुणाजी म्हणाला, "बांध तर पक्का होता. तो कोणी उकरला होता, ते तुम्हाला ठाऊकच आहे." सगळे भिवाकडे पाहायला लागले.

हौसा उठली. "भिवादादाने बांध वाचवला असता. याने साळुंक्यांना पेरू घालून शिकवलं. मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, म्हणून माझी लेक गेली. माझी लेक गेलीय. आता तरी मी खोटं कशाला बोलू?"

लोक हौसाकडे वळून पाहू लागले. वाटलं, आता उठतील, आता गुणाजीला जाब विचारतील. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "ही म्हणते असं, तो म्हणतो तसं. आपल्याला काय कळणार? सगळेच खोटे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकेक जण धोतराची माती झटकून घरी गेला. त्यांचा राग खरा होता आणि दुःखही खरं होतं, पण खरं काय ते शोधायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. भिवा त्याच आठवड्यात होडीत बसून गेला. जाऊ नको, असं त्याला कोणीच म्हटलं नाही.

पुढच्या निवडीला चौकात एकट्या गुणाजीचं मडकं मांडलं, आणि कोणीच आलं नाही. दुपार झाली, ऊन कललं. राजाच्या माणसाने गुणाजीच्या मडक्यात वाकून पाहिलं. आत एकही शिंपला नव्हता. त्याने दवंडी पिटली, "आपला कारभारी कोणालाही नकोसा नाही."

आणि हौसा? ती रोज ओहोटीला टोपलीभर माती घेऊन वळणावर जायची, भगदाडात टाकायची, पायांनी दाबायची. भरती आली की पाणी ती माती घेऊन जायचं. येणारे जाणारे थांबून बघायचे आणि एकमेकांना सांगायचे, की ही बाई बांध उकरते.

तात्पर्य: जे लोक डोळ्यांनी पाहिलेलं सोडून कानावर पडलेलं धरतात, त्यांना शेवटी खरं सांगितलं तरी ते खरं वाटत नाही.